पाठीवर झोपलेलं कॅबिनेट

कॅबिनेट निवडणं हे दहा मिनिटांचं काम आहे, असं दुकानदार म्हणाला होता. दुकानदार काही खोटं बोलत नव्हता. त्याच्याकडे येणारी माणसं खरोखरच दहा मिनिटांत कॉम्प्युटरचं कॅबिनेट निवडतात, काखोटीला मारतात आणि घरी जातात. पण तोवर त्या दुकानाची पायरी मिलिमीटरराव कधी चढले नव्हते.

मिलिमीटरराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. पाणीपुरवठा खात्यात सत्तावीस वर्षं ते नकाशे काढत आहेत. कोणत्या गल्लीत कोणती पाइपलाइन किती खोल गेली आहे, हे तिथल्या रहिवाशांना नसेल इतकं यांना ठाऊक. एकदा साहेब म्हणाले, "साधारण दीड मीटर धरा." त्यावर यांनी विचारलं, "साधारण म्हणजे नक्की किती?" त्या दिवशी हे नाव पडलं, आणि बघता बघता ते ऑफिसातून इमारतीतही येऊन पोचलं. त्यांच्या बायकोला इमारतीत सगळे वहिनी म्हणतात, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू.

तर हा कॉम्प्युटर वहिनींसाठी होता. वहिनी पूर्वी एका छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. औषधाच्या खोक्यात घडी घालून कोंबलेला एक कागद असतो बघा, बारीक अक्षरांचा, जो आपण न वाचताच फेकतो. तो वहिनी वाचायच्या, अगदी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. 'दिवसातून दोनदा' ऐवजी 'दहादा' छापून गेलं तर काय होईल, याची त्यांना पक्की जाणीव होती, त्यामुळे त्यांच्या हातून तसं कधी गेलं नाही. पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या. वहिनींनी नोकरी सोडली आणि सहा वर्षं त्यांचं सगळं केलं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, शिवाय त्यांचा राग गिळणं. त्या सहा वर्षांत मिलिमीटररावांनी औषधांच्या वेळांचा एक तक्ता आखला. तीन रंगांत. तक्ता फार सुबक होता. सासूबाई गेल्यावर तो भिंतीवरून उतरवताना त्यांच्या एकदम लक्षात आलं की या सगळ्यात आपल्या हातून झालं ते एवढंच. हे त्यांना फार लागलं, आणि वर्ष झालं तरी ते विसरले नव्हते.

म्हणूनच छापखान्याच्या मालकीणबाईंचा फोन आला तेव्हा त्यांचे कान टवकारले. मालकीणबाई म्हणत होत्या, "घरून करशील का गं काम? आता आम्ही सगळं पडद्यावरच तपासतो. मोठा पडदा हवा, चांगला कॉम्प्युटर हवा. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी, दहाच्या ठोक्याला सुरुवात. पहिला आठवडा परीक्षेचा. त्या दिवशी तुझं मशीन चालू नसलं तर यादीत दुसरं नाव आहे बघ, माझाही नाइलाज होईल."

फोन ठेवून वहिनी नुसत्या हसत बसल्या. तसं हसू त्या घरात बऱ्याच वर्षांत उमटलं नव्हतं. मिलिमीटररावांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "कॉम्प्युटर मी बनवणार. एकेक भाग आणून, माझ्या हातांनी. तू फक्त सोमवारी खुर्चीत बसायचं."

"अहो, तयार मिळतो की."

"तयार कोणीही आणील."

परगावी नोकरी करणारी मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, एक लॅपटॉप घ्या आणि मोकळे व्हा ना." पण मिलिमीटररावांना मोकळं व्हायचंच नव्हतं. सहा वर्षं ते मोकळेच होते, हेच तर त्यांचं दुखणं होतं.

बाकीचे भाग दुकानदाराने एका दुपारीत काढून दिले. मदरबोर्ड, पंखा, पॉवर सप्लाय, मोठा पडदा, सगळं आपापल्या खोक्यांत पलंगाखाली जाऊन बसलं. राहिलं फक्त कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ज्यात बसवायचं ती पेटी. आणि ती लहानात लहान हवी होती, कारण वहिनी कुठे बसणार हे मिलिमीटररावांनी ठरवून टाकलं होतं. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मधल्या पॅसेजमध्ये एक अरुंद टेबल होतं. त्यावर पूर्वी सासूबाईंची औषधं असायची, आता काहीच नसायचं. टेबलाखाली दोन्ही बाजूंना खण आणि मधे एक फट. फटीची रुंदी वीस सेंटिमीटर, उंची चोवीस, खोली बेचाळीस. ही मापं त्यांनी तीन वेळा, तीन ठिकाणी घेतली. डावीकडची उंची उजवीकडच्यापेक्षा दोन मिलिमीटरने कमी निघाली. ज्या सुताराने ते टेबल केलं होतं त्याच्याविषयी ते एक संपूर्ण संध्याकाळ खिन्न होते.

मग त्यांनी इंटरनेटवर लहान कॅबिनेटं शोधायला घेतली, आणि तिथे त्यांना पहिला धक्का बसला. लहान कॅबिनेटांचं आकारमान लिटरमध्ये सांगतात. हे अकरा लिटरचं, ते चौदा लिटरचं. आयुष्यभर पाणी लिटरात मोजलेल्या माणसाला हे पटेना. "आत काय ओतायचंय का?" असं त्यांनी दुकानदाराला फोन करून विचारलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, रीतच आहे ती." चौदा लिटर म्हणजे आपली आंघोळीची बादली, असा हिशेब त्यांनी मनाशी बांधला, आणि त्यानंतर कुठलंही कॅबिनेट पाहिलं की त्यांना त्याची कडी दिसू लागली.

नुसत्या आकड्यांवर विश्वास ठेवणं हे त्यांच्या खात्यात बसत नव्हतं. खात्यात टाकी बांधायची झाली तर आधी पुठ्ठ्याचा नमुना करतात, तो टेबलावर ठेवतात, साहेब त्याभोवती फिरून मान हलवतात, मग काम सुरू. मिलिमीटररावांनी तेच केलं. हॉलच्या खिडकीशी त्यांचा नकाशे काढायचा मोठा तिरका फळा आहे, त्यावर पुठ्ठा कापून त्यांनी चार कॅबिनेटांचे पूर्ण आकाराचे नमुने बनवले. प्रत्येकाला समोर बटण काढलं, मागे वायरींची भोकं काढली. एकेक नमुना दोन-दोन दिवस पॅसेजमध्ये राहायला आला. पहिल्यावर वहिनींनी धुतलेले टॉवेल ठेवले. दुसऱ्यात कांदे. तिसरा त्यांना इतका आवडला की तो पाहुण्यांना दाखवायला त्या स्वतः घेऊन यायच्या. कांद्यांच्या नमुन्याकडे बघून मिलिमीटरराव म्हणायचे, "अगं, ते परीक्षेसाठी ठेवलंय." वहिनी म्हणायच्या, "पास झालंय ते. कांद्यांना हवा छान लागते."

पाहुणे म्हणजे शेजारीच. घरात पुठ्ठ्याची कॅबिनेटं राहायला आली आहेत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे वीजकाका सर्वांत आधी आले. काका वीज मंडळातून निवृत्त झालेत, पण वीज त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. त्यांनी गुडघे टेकून फटीत डोकं घातलं आणि आतूनच विचारलं, "हवा कुठून येणार?"

"पुढून," मिलिमीटरराव म्हणाले.

"आणि जाणार कुठे?"

मिलिमीटररावांनी खिशातून मोजपट्टी काढली. काकांनी डोकं बाहेर काढलं. त्यांचा चेहरा फार गंभीर होता. "बंद फटीत मशीन म्हणजे भट्टी हो. पाठीमागच्या भिंतीला भोक पाडा. साठ मिलिमीटरचं. गरम हवा सरळ बाहेर." साठ मिलिमीटर हा आकडा काकांनी मुद्दाम वापरला असावा, कारण तो ऐकून मिलिमीटरराव विरघळले. त्यांनी सगळ्या नमुन्यांना खिडक्या कापल्या, समोर टेबलफॅन ठेवला, कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि हवा कुठून कुठे जाते याचा चार दिवस अभ्यास केला. पट्ट्या बहुतेक वेळ वहिनींच्या चेहऱ्यावर फडफडायच्या, कारण त्या पोळपाट घेऊन तिथून जात असायच्या.

समोरच्या दारात राहणाऱ्या दंतवैद्यबाई आल्या. त्यांनी नमुन्यांच्या खिडक्यांमधून आत बोट फिरवलं, प्रत्येकाची एक-एक भिंत हलवून पाहिली आणि म्हणाल्या, "रंग काळा नको. धूळ दिसत नाही म्हणून माणसं साफच करत नाहीत, आणि मग माझ्याकडे येतात. म्हणजे दातांचं म्हणतेय मी. पांढरा घ्या." त्यामुळे रंगाचा प्रश्न सुटला.

मात्र भोकाचा सुटेना. पॅसेजची ती भिंत इमारतीच्या बाहेरची, आणि बाहेरच्या भिंतीला हात लावायचा तर समितीची परवानगी हवी. समितीचे सेक्रेटरी तळमजल्यावर राहतात. सज्जन माणूस, पण अर्जाशिवाय ते नमस्कारही स्वीकारत नाहीत. त्यांनी अर्ज तीन प्रतींत मागितला, सोबत भोकाचा नकाशा.

नकाशा! मिलिमीटररावांची कळी खुलली. एका भोकाचा त्यांनी समोरून, बाजूने आणि वरून असा नकाशा काढला. वरून काढलेल्या नकाशात भोक दिसत नव्हतं, कारण ते भिंतीत होतं, पण तशी टीप त्यांनी लिहिली. सेक्रेटरींनी नकाशा कौतुकाने पाहिला आणि नियमावली उघडली. "यावर आरेखकाची सही लागेल."

"मीच आरेखक आहे की."

"हो, पण तुम्हीच अर्जदार आहात. अर्जदाराव्यतिरिक्त दुसऱ्या आरेखकाची लागेल."

सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर मिलिमीटररावांना स्वतःच्या भोकासाठी दुसऱ्याची सही मागावी लागली. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या आरेखकबाईंना त्यांनी नकाशा दिला. या बाईंना नोकरीला लागल्या लागल्या पेन्सिल कशी धरायची इथपासून यांनीच शिकवलं होतं. बाईंनी नकाशा एक दिवस ठेवून घेतला आणि लाल शाईच्या तीन गोलांसह परत केला. पहिल्या गोलाजवळ लिहिलं होतं, 'माप जमिनीपासून की टेबलापासून, स्पष्ट नाही.' मिलिमीटररावांनी जेवणाचा डबा न उघडताच परत आणला. वहिनींनी विचारलं तर म्हणाले, "पोटात जागा नव्हती." शेवटी सुधारलेला नकाशा गेला, आणि समिती महिन्यातून एकदाच बसत असल्यामुळे अर्जही तिथेच बसून राहिला.

सोमवार आता बारा दिवसांवर आला होता. मिलिमीटररावांनी भोकाची वाट न पाहता इंटरनेटवरच्या एका दुकानातून कॅबिनेट मागवायचं ठरवलं. निवड झाली होती. पांढरं, चौदा लिटरच्या आसपासचं, मापं अडतीस, सतरा, बावीस. म्हणजे लांबी अडतीस, रुंदी सतरा, उंची बावीस. फटीत बसून वर दोन सेंटिमीटर जागा राहत होती. याचाच नमुना वहिनींनी कांद्यांसाठी वापरला होता. मागवताना वहिनी सहज म्हणाल्या, "बघू जरा, मी वाचू का एकदा?" त्यावर ते म्हणाले, "तुला यातलं काही बघायचंच नाहीये. तुझ्यासाठी आहे ना ते?" आणि त्यांनी बटण दाबलं.

कॅबिनेट बुधवारी आलं. मिलिमीटररावांनी खोका उघडला, पेटी बाहेर काढली आणि जमिनीवर ठेवली. ती उभी राहिली. सतरा रुंद, बावीस खोल, आणि अडतीस उंच. त्यांनी ती डोळे बारीक करून सगळीकडून पाहिली. आडवी करून पाहिली. पाठीवर झोपवली तर ती फटीत अगदी चपखल बसत होती, पण वायरी लावायच्या सगळ्या जागा तिच्या पाठीलाच होत्या. पाठीवर झोपलेल्या माणसाला पाठीवरची पिशवी अडकवता येत नाही, तसंच ते. त्यांनी नमुना केला होता तो मापाने बरोबर होता, फक्त तो झोपलेला होता.

"चुकीचं पाठवलंय," ते म्हणाले.

वहिनींनी हात पुसले, चष्मा लावला आणि दुकानाचं पान फोनवर उघडलं. पान खाली सरकवलं. त्यांना चार सेकंद लागले. "अहो, इथे खाली लिहिलंय. 'मापे: उंची, रुंदी, खोली या क्रमाने.'"

"पहिला आकडा लांबीचा असतो!"

"तुमच्या ऑफिसात."

मिलिमीटररावांनी सत्तावीस वर्षांत कित्येकांना बजावलं होतं की टीप वाचल्याशिवाय नकाशा वाचू नये. वहिनी हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी फक्त चष्मा काढून ठेवला आणि मनातल्या मनात दिवस मोजले. ते मोजणं मिलिमीटररावांना दिसलं. बुधवार गेला तर उरले चार.

आता माणसाने काय करावं? दुकानाला फोन करावा. मिलिमीटररावांनी आधी नवा नमुना केला. बदली म्हणून कुठलं कॅबिनेट मागवायचं याची यावेळी तरी खात्री हवी, म्हणून त्यांनी पुठ्ठा शोधला, घरातला पुठ्ठा चार नमुन्यांत संपलेला, आणि समोर तर एक छान कडक खोका रिकामाच पडला होता. त्यांनी तो कापला. शिवाय काकांच्या सल्ल्याप्रमाणे त्याला खिडक्याही पाडल्या. मग त्यांनी दुकानाच्या परतीच्या विभागाला फोन लावला.

"परतीचं कारण सांगा सर," पलीकडून एक बाई म्हणाल्या. "वस्तू तुटली आहे, चुकीची वस्तू आली, की मन बदललं?"

"यातलं काहीच नाही."

"मग मन बदललं असं टाकते."

"माझं मन बदललेलं नाही. माझं मन अजून त्याच मापांवर ठाम आहे."

बाई यादीतला पुढचा पर्याय शोधू लागल्या. "सर, मी 'इतर' टाकते."

"त्यात काय लिहाल?"

"काही लिहावं लागत नाही, सर."

"पण मला लिहायचं आहे," मिलिमीटरराव म्हणाले, आणि आकड्यांचा क्रम जगभर एकच का असावा यावर त्यांनी त्या बाईंना बरंच काही सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "शुक्रवारी माणूस येईल सर. मूळ खोक्यातच हवं."

मूळ खोका त्या वेळी पॅसेजमध्ये नमुना क्रमांक पाच म्हणून उभा होता.

गुरुवारची संध्याकाळ खोका परत खोका करण्यात गेली. दंतवैद्यबाईंनी चिकटपट्टी दिली, काकांनी दुसरी दिली, ती काळी निघाली. शुक्रवारी माणूस आला. त्याने खोका उचलला, फिरवून पाहिला, एका बाजूने आत डोकावला तर पलीकडे त्याला वहिनी दिसल्या.

"साहेब, याला खिडक्या आहेत," तो म्हणाला.

"हवेसाठी आहेत," काका जिन्यातून म्हणाले.

माणसाने फार हळुवारपणे खोका खाली ठेवला. एखाद्याच्या घरी दुःखद प्रसंग असावा तसा तो दोन पावलं मागे सरला, "होणार नाही साहेब," म्हणाला आणि गेला.

त्यानंतर मिलिमीटरराव हॉलमध्ये येऊन फळ्यासमोरच्या स्टुलावर बसले. शनिवारी सकाळी उठले आणि पुन्हा तिथेच येऊन बसले. वहिनी येऊन शेजारी उभ्या राहिल्या.

"माझ्यामुळे तुझं काम जाणार," ते म्हणाले. "आईच्या वेळी तू मरमर मेलीस आणि मी तक्ते आखले. मला वाटलं एकदा तरी तुझ्यासाठी काहीतरी नीट, पुरतं करावं. तेही जमलं नाही. अजून वेळ आहे, तयार एखादा आणतो जाऊन. तूच म्हणाली होतीस."

"मला तयार नकोय आता," वहिनी म्हणाल्या. "आणि त्या कॅबिनेटला काय झालंय? उभं ठेवलं की किती छान दिसतं ते."

"उभं बसत नाही ना पॅसेजमध्ये."

"पॅसेजमध्ये बसायचंय असं मी कधी म्हटलं?"

मिलिमीटररावांनी वर पाहिलं. "मग कुठे बसायचंय तुला?"

वहिनींचं लक्ष खिडकीकडे गेलं. सकाळचं ऊन फळ्यावर पसरलं होतं, सगळ्या घरात तेवढीच एक जागा होती जिथे दिवा न लावता बारीक अक्षर वाचता यायचं. "सहा वर्षं मी त्या पॅसेजमध्येच उभी होते हो," त्या म्हणाल्या. "चमचे, गोळ्या, बाटल्या. पुन्हा तिथेच बसून औषधांचेच कागद वाचायचे? मला इथे उजेडात बसायचंय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाहीत. आणि इतके खुशीत होतात की मला तुमचा नमुना मोडवेना."

मिलिमीटररावांनी पाच आठवड्यांत घरातला प्रत्येक कोपरा मोजला होता. जिथे उभं राहून ते मोजत होते तेवढाच एक राहिला होता. ऑफिसात आता नकाशे कॉम्प्युटरवरच काढतात. या फळ्यावर त्यांनी गेल्या कित्येक वर्षांत पुठ्ठ्याशिवाय काही कापलं नव्हतं आणि भोकाशिवाय काही आखलं नव्हतं. त्यांना फार लाज वाटली. पण लाजेबरोबरच इतकं हलकं वाटलं की त्यांनी उठून तिथल्या तिथे फळ्याचे स्क्रू सोडवायला सुरुवात केली. वहिनींचा हात त्यांच्या पाठीवर होता, तो त्यांनी बराच वेळ तसाच राहू दिला.

फळा जड होता. त्याचा आवाज ऐकून काका खाली आले आणि त्यांनी एक टोक धरलं. दुसऱ्या टोकाला सेक्रेटरी लागले, जे भोकाची मंजुरी घेऊन आले होते. समितीची खास बैठक बोलावून, सह्या-शिक्क्यांनिशी त्यांनी ती मिळवली होती. भोकाची आता गरज उरली नाही, हे ऐकून त्यांचा चेहरा पडला. "पण एकमताने मंजूर झालंय हो," ते म्हणाले. इमारतीच्या इतिहासात एकमताने काही मंजूर होण्याची ती पहिलीच वेळ असावी. मिलिमीटररावांनी फळा खाली ठेवून त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि मनापासून आभार मानले. सेक्रेटरींना याची सवय नव्हती. ते गोंधळून म्हणाले, "काही अडचण नाही, काही अडचण नाही," आणि रविवारी पुन्हा आले, यावेळी अर्जाशिवाय.

रविवारी सगळ्या शेजाऱ्यांच्या साक्षीने हॉलच्या मधोमध चादर अंथरून जोडणी सुरू झाली. खिडकीशी आता जेवणाचं टेबल होतं आणि जेवण जमिनीवर गेलं होतं. मदरबोर्ड बसला. पॉवर सप्लाय बसला. तिसरा स्क्रू मिलिमीटररावांच्या बोटांतून सुटला आणि बोर्डाखाली कुठेतरी नाहीसा झाला. काका ओरडले, "आत धातू राहिला तर शॉर्ट होईल! कोणी हलवू नका!" सगळे जागच्या जागी थिजले. मग दंतवैद्यबाई घरी जाऊन आल्या. त्यांनी आपला छोटा गोल आरसा आणि वाकडा चिमटा आणला, कपाळाला दिवा लावला, कॅबिनेटात वाकून पाहिलं आणि सवयीने म्हणाल्या, "दुखणार नाही." स्क्रू निघाला. सर्वांनी टाळ्या वाजवल्या, सेक्रेटरींनी जरा जास्तच.

सगळं जोडून झाल्यावर बटण दाबलं तर काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. काकांनी भिंतीतलं सॉकेट तपासलं, ते ठणठणीत होतं. मुलीला फोन लावला, ती म्हणाली, "पुस्तिकेत बघा ना, बटणाची वायर कुठे लावायची ते." पुस्तिकेची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी होती. मिलिमीटररावांनी ती उघडली, एकदा पाहिली आणि वहिनींच्या हातात दिली.

वहिनी खिडकीशी उजेडात गेल्या. पहिल्या अक्षरापासून वाचत आल्या. अकराव्या पानावर थांबल्या. "डावीकडून तिसरी आणि चौथी पिन. तुम्ही पाचवी-सहावी घेतलीय. आणि या पुस्तिकेत दोन चुका आहेत, पण त्या आपल्या कामाच्या नाहीत." मिलिमीटररावांनी वायर काढून तिसऱ्या-चौथ्या पिनवर लावली. बटण वहिनींनी दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला. काकांनी लगेच कॅबिनेटाच्या मागे तळहात धरला आणि म्हणाले, "हवा जातेय. मस्त जातेय." त्या क्षणी मिलिमीटररावांना खोलीतल्या प्रत्येक माणसाविषयी इतकं बरं वाटलं की काळी चिकटपट्टीसुद्धा त्यांनी माफ केली. या सगळ्यांनी सल्ले दिले नसते तर सगळं लवकर झालं असतं हे खरं, पण मग रविवारी हॉलमध्ये एवढी माणसं नसती.

सोमवारी मिलिमीटररावांनी रजा टाकली होती. दहाला दोन मिनिटं कमी असताना वहिनी खिडकीशी येऊन बसल्या. दहा वाजता काम आलं. दहा वाजून सात मिनिटांनी मालकीणबाईंचा फोन आला, "मिळालं का गं? उघडतंय का?"

"उघडलं," वहिनी म्हणाल्या. "तिसऱ्या ओळीत चूक आहे. मात्रा दुप्पट लिहिलीय."

मग मालकीणबाई म्हणाल्या, "परत आलीस बघ तू," आणि त्यांनी फोन ठेवला. वहिनींनी चष्मा वर सारून डोळे पुसले आणि चौथी ओळ घेतली.

साडेदहाला बेल वाजली. इतकी वर्षं बेल वाजली की वहिनीच उठायच्या. आज त्या उठल्या नाहीत, त्यांना ती ऐकूही आली नव्हती. मिलिमीटररावांनी दार उघडलं. काका होते. "वहिनी आहेत का? म्हटलं मशीन तापतंय का बघावं."

"आहेत," मिलिमीटरराव म्हणाले. "पण कामात आहेत."

हे वाक्य त्यांनी या दारात कधी उच्चारलं नव्हतं. ते त्यांना फार आवडलं. थोड्या वेळाने दंतवैद्यबाई आरसा विसरल्या म्हणून आल्या, त्यांनाही त्यांनी तेच सांगितलं, जरा सावकाश. सेक्रेटरी मंजुरी रद्द करायचा अर्ज घेऊन आले, त्यांना सांगितलं, "दुपारी एकनंतर या. कामात आहेत." त्यानंतर मात्र कोणी येईना. मिलिमीटरराव दाराजवळ उभे राहिले. बेल बिघडली की काय म्हणून त्यांनी ती एकदा वाजवून पाहिली आणि आतून "अहो!" ऐकल्यावर घाईने दार ओढून बाहेर जिन्यात आले.

मग ते वरच्या मजल्यावर गेले. "काका, तुम्ही पुन्हा यायच्या विचारात असाल म्हणून सांगून ठेवतो. ती अजून कामातच आहे."

"बरं झालं सांगितलंत," काका म्हणाले.

मिलिमीटररावांनी त्यांचे आभार मानले आणि ते जिना उतरू लागले. स्वतःच्या दाराशी जरा थांबून त्यांनी आतला कीबोर्डचा आवाज ऐकला. मग तसेच खाली पहिल्या मजल्यावर गेले, जिथे त्यांची कोणाशी धड ओळखही नव्हती, आणि तिथली बेल वाजवली.